पाचर

नवतपाचा सहावा दिवस. बेसाच्या ले-आउटमधला
आमचा प्लॉट तडकलाय, उत्तरेच्या कुंपणापासून थेट बोअरपर्यंत.
सेहेचाळीस अंश. कूलरची टाकी दुपारीच कोरडी.
मी सुतळीला नट बांधून भेगेत सोडतो.
साडेतीन फुटांवर नट टेकतो.
वहीत लिहितो: तारीख, खोली, तोंडाची रुंदी.
एकतीस वर्षं माती खात्यात हेच केलं,
आता पगार नाही, एवढंच.

मैथिलीचा फोन रात्री येतो.
तिच्याकडे या दिवसांत रात्रच नसते.
"बाबा, आज एक पाचर कापली."
काय कापली?
"बर्फाची पाचर. जमिनीतली."

ती सांगते. मी वही मांडीवर घेतो, सवयीनं.
तिथली जमीन बारमाही गोठलेली,
वरचा हातभर थर तेवढा उन्हाळ्यात सैल होतो.
भर हिवाळ्यात थंडी एकाएकी उतरली
की ती आखडते आणि तडकते,
बंदुकीसारखा आवाज येतो म्हणे.
भेग केवढी? पोस्टकार्डं पाच-सहा, एकावर एक.
खोल मात्र दोन परस.
बर्फ वितळू लागला की त्यात पाणी उतरतं
आणि खालच्या गारठ्यात जागच्या जागी गोठतं.
एक उभी, पातळ शीर.
उन्हाळ्यात जमीन फुगते, मिटायला बघते,
तर तिच्या जागेवर कुणी बसलेलं.
मग ती बाजूला दबते, वर उचलली जाते,
दोन्हीकडे बांध घालते.

आणि पुढच्या हिवाळ्यात?
"तिथंच तडकते, बाबा. शिरेच्या मधोमध.
बर्फ गोठल्या मातीहून कच्चा."
वर्षाला एक पापुद्रा. कधी तोही नाही.
हजारो वर्षांनी वर दाराएवढी रुंद, खाली निमुळती,
"सुतार ठोकतो ना, तशी.
फक्त ठोकणारा कुणी नाही."

मी पेनाला टोपण लावलं.

बावीस वर्षांची होती. फॉर्मवर माझी सही हवी होती.
तीन आठवडे तो फॉर्म माझ्या गादीखाली होता.
मुदत टळली, त्या दिवशी मीच तो काढून टेबलावर ठेवला,
इस्त्री केल्यासारखा सपाट.
तिची मावशी पारडीहून आली, चप्पल काढायच्या आधी म्हणाली,
"बापानंच पाचर ठोकली पोरीले."
मैथिली काही बोलली नाही. पुढच्या वर्षी
तिनं दुसरा फॉर्म भरला, ज्यावर सही लागत नव्हती.

मी तिला आपल्या काळ्या मातीचं सांगतो.
इथं उन्हानं भेगा पडतात, वरचा भुगा आत सांडतो,
पाणी आलं की माती फुगते आणि जागा पुरत नाही,
मग मातीच मातीवरून घसरते,
आत आरशासारखे गुळगुळीत पापे पडतात.
स्वतःच स्वतःला नांगरते ती.
तुझी हिरवी गोटी गेली होती बघ, सातव्या वर्षी,
कुठं असेल कुणास ठाऊक. वर यायची एखादे दिवशी.
आपल्याकडे हिशेब राहत नाही, म्हणालो.

"आमच्याकडे राहतो," ती म्हणाली.
"पापुद्रे मोजता येतात. त्यात बुडबुडे असतात,
त्या त्या हिवाळ्याची हवा."

आता विचारावं, असं दरवेळी याच जागी वाटतं.
जेवलीस का, मी विचारलं.
हो म्हणाली. मग स्वतःहूनच,
"आता वितळतायत, बाबा. पाचर गेली
की वरची जमीन खचते, चर पडतो."
भरून नाही निघत?
"निघतो की. पाण्यानं."

सकाळी उन्हं चढायच्या आत गेलो.
सुतळी रात्री तशीच राहिली होती.
ओढली. नट कुठंतरी अडकलाय.
जोर लावला असता तर तुटली असती,
म्हणून वरचं टोक कुंपणाच्या खांबाला बांधलं.
तारीख लिहिली. रुंदीचा रकाना
आज कोरा ठेवला.